तेहतिसावं इंजेक्शन

दमिएत्तातल्या आमच्या गल्लीत
कोरडेपणाची भीती फक्त लाकडाला असायची.
रोमानियाहून आलेल्या फळ्या घाईने वाळल्या की टोकाला चिरतात,
म्हणून उस्ताद टोकांना मेण फासायचा आणि म्हणायचा,
मेतवल्ली, लाकूड मेलं तरी त्याची तहान मरत नाही.

चाळीस वर्षं खुर्च्यांच्या पाठींवर द्राक्षवेली कोरल्या
डोळ्यांत तेल घालून.
आता थेंब घालून कोरतो.

दर गुरुवारी रात्री बदरिया फ्रिज उघडते,
मुलुखियाच्या जुडीमागची सुई काढते,
माझ्या पोटाची चिमूट धरते.
मग पहाटेपर्यंत हुडहुडी.
सकाळी पापण्या बुबुळांना चिकटलेल्या,
सरस लावून दाबून ठेवल्यासारख्या.
ती ओला रुमाल ठेवते. मी शंभरपर्यंत मोजतो.
तेव्हा कुठे खिडकी उघडते माझ्यात.

इन्शिराह सिस्टर सांगते,
वासाचा साबण नको, कढत पाणी नको,
पंख्याच्या झोतात बसू नको,
पापणी मिटत जा, विसरतोस तू,
आणि अंग ओलसर असतानाच मलम चोळ.
मी म्हटलं, बाई, हे तर मी पॉलिशवाल्या पोरांना शिकवतो.
ती हसली नाही.
माझ्यामागे अजून सत्तर जण बसले होते.

दिव्याखाली हात धरून पाहतो:
रंधा न मारलेली फळी.
खाजवलं की भुसा पडतो,
माझाच.

कारखान्यात पोहण्याचा चष्मा लावून बसतो.
शहात, शिकाऊ पोरगं, विचारतं,
उस्ताद, पाण्यात उतरताय का?

उतरलो होतो.
सात वर्षांचा होतो तेव्हा, कालव्यात,
म्हशींबरोबर, शाबिरबरोबर.
पाण्यातून किडे आमच्या रक्तात शिरले,
लघवी लाल झाली,
आणि गावात सरकारी डॉक्टर आला.
शाळेच्या पटांगणात रांग, काचेची सिरिंज,
शाबिर माझ्यापुढे, बाही वर करून.
सुई त्याच्या शिरेतून निघाली,
पातेल्यातल्या पाण्यात बुडाली न बुडाली
तोच माझ्यात.
वाईट कुणी नव्हतं तिथं.
डॉक्टरलाही घाम फुटला होता, त्यालाही जेवायचं होतं.

माझ्या एकविसाव्या आठवड्यात शाबिर गेला.
औषधाच्या यादीत त्याचं नाव लागेपर्यंत
यकृताचा दगड झाला होता.
मांडवात खुर्च्या माझ्याच होत्या, भाड्यानं न घेतलेल्या.
कुराण चालू, कडू कॉफी फिरतेय,
आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही.
आत गळ्यापर्यंत भरून आलेलं, वर नुसती वाळू.
बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं,
सख्खा भाऊ ना हा?

मांडवामागे गेलो. मान वर. कुपी तिरकी.
एका डोळ्यात दोन, दुसऱ्यात तीन, हात हलला म्हणून.
परत आलो तर गाल ओले.
लोक उठले, खांद्यावर हात ठेवले,
चुलतभावानं मिठी मारली.
नक्राश्रू, मी मनात म्हटलं.
नाईलच्या मगरी धरणापलीकडे राहिल्या,
इथं कुपीत मिळतात, अठरा पौंडांना.
लाज वाटली.
पण खरं सांगू? डोळा इतका निवला
की शाबिरचा फोटो दिवसभरात पहिल्यांदाच
न टोचता दिसला.

पंधरा सुया उरल्यात.
विषाणू गेला की नाही ते त्याही पुढे कळणार.
तोवर रात्री बदरिया पाठीला मलम लावते.
रेषेच्या दिशेनं लाव, मी सांगतो,
आडवं नको, ओरखडे उठतात.
ती म्हणते, तू काय पलंग आहेस का?
आणि मुद्दाम
आडवाच हात फिरवते.