कारण कुठे घडले

खानापूर कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी
माझं टाइपरायटरचं टेबल अजून आहे.
दाव्यातला चौथा परिच्छेद बोटांनाच पाठ:
'वादाचे कारण या न्यायालयाच्या
स्थळसीमेत घडले, सबब...'
सातेरी कुंभाराला विचारलं, कुठे घडलं?

तो म्हणाला, माती हाळीच्या ओढ्याची,
कौलं भरली नंदगडला, उतरली चंदगडात,
सौदा फोनवर, चेक निपाणीच्या बँकेचा,
बुडवणारा जांबोटीचा,
आणि झोप उडाली ती माझ्या घरात.
आता तुम्हीच बघा काय लिहिताय ते.

झोप सोडून सगळं लिहिलं.

महिन्याभरात फाइल बेळगावला गेली.
व्यापारी वाद. त्यांचं कोर्ट निराळं,
करार आणि बिलंच वाचणारं.
बेलीफ मष्णू घाडीने गठ्ठ्याची सुतळी
दोनदा ओढून बघितली,
बाजारच्या दिवशी म्हशीचं दावं बघतात तशी.

मष्णूला पत्ता लागत नसे.
'फणसाखालचं घर, बाप बहिरा' एवढं पुरे.
बेळगावची नोटीस टपालाने गेली,
'इसम मिळून येत नाही' म्हणून परत आली.
इसम जांबोटीच्या नाक्यावर
भजी खात होता, मष्णूच्या समोर.

तक्रारीला मी तोंड उघडलंच होतं.
पण खरं तेही लिहायला हवं:
इथल्या एका मुन्सफांनी भर कोर्टात
कौल नखाने वाजवून 'कच्चं' म्हटलेलं,
आणि तोच दावा अकरा वर्षं पडून.
दोघे पक्षकार वारले.
वारस लावायचे अर्ज टाइप करून
माझी चूल तेवढी पेटत राहिली.

बेळगावच्या बाईसाहेबांनी चौदा महिन्यांत निकाल दिला.
कौल हातात घेतलं नाही.
नऊ पानं, कन्नडात.
सातेरी ती पिशवीत घालून आला,
'जिंकलोय म्हणतात, जरा वाचा की ओ.'
जिंकला होता. व्याजासकट.
मी मराठीतून सांगत गेलो, तो हं हं करत गेला,
सातव्या पानावर हात आडवा घातला:
'ह्यात ओढा कुठं आलाय?'

पहिल्या पानापासून परत बघितलं.
नव्हता.

आता दाव्याचा नमुना छापील येतो.
चौथ्या परिच्छेदाच्या जागी एक चौकोन,
त्यात नुसती खूण करायची.
मी खूण करतो. मग समासात
पेन्सिलीने, बारीक अक्षरात,
ओढ्याचं, माळाचं, जे असेल त्याचं नाव लिहून ठेवतो.

झेरॉक्सवाला म्हणतो,
मामा, पेन्सिल उमटत नाही.