चावीवाला

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं
गंज पेठेत, घोरपडे पेठेत, लोहियानगरच्या बोळांत.
खांद्यावर चावी, पुरुषभर उंचीची,
पहाटे साडेतीनला झाकण उचलायचं,
चोवीस आटे फिरवायचे आणि थांबायचं.
पाण्याआधी हवा येते.
पाइप खोकतो, म्हाताऱ्यासारखा.
तेवढ्यात एक विडी व्हायची.

एकतीस वर्षांच्या विड्या
डाव्या पायाच्या अंगठ्यात जाऊन बसल्या.
आधी निळा, मग काळा,
मग रात्रभर असा ठणका
की पाय खाटेखाली लोंबत ठेवून बसायचं.

डॉक्टर टिळेकर बाईंनी गार चिकट काहीतरी लावून
गुडघ्यापासून खाली यंत्र फिरवलं.
वर धपधप. पोटरीत धप.
घोट्यापाशी नुसती खरखर.
मी म्हटलं, बाई, लाइन कोरडी आहे.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, नवी नळी जोडायची तर
खाली जोडायला काही उरलेलं नाही.

मग म्हणाल्या, एक आहे,
पण अजून प्रयोगातच आहे.
कमरेच्या हाडातला मगज काढायचा,
त्यातल्या पेशी निवडायच्या, धुवायच्या
आणि पोटरीत टोचायच्या, तीसचाळीस जागी.
तुमचंच तुम्हाला.

आम्ही तर कायम बाहेरून आणलं.
खडकवासल्यातनं, पर्वतीवरनं,
नाहीच भागलं तर टँकर.
कमरेत विहीर आहे हे साठाव्या वर्षी कळलं.
कौसा म्हणाली, असल्या पेशी होत्या ह्यांच्यात
तर इतके दिवस झोपल्या होत्या का?
बाई म्हणाल्या, तसंच समजा.

कागदावर 'खात्री नाही' तीन ठिकाणी होतं.
तिन्ही ठिकाणी सही केली.

पालथं निजवून हाडात सुई घातली.
दुखलं म्हणावं तर दुखलं नाही,
आतून कुणी ओढून घेतंय, असं.
लॅबमधली पोरगी पिशवी न्यायला आली,
निलोफर नाव, नाकापर्यंत मास्क.
नाव वाचून थबकली.
"वायदंडे काका? चावीवाले?
आमच्या गल्लीला तुम्ही कायम कमी प्रेशर द्यायचात."
मी पालथाच. म्हटलं,
आता सूड नको घेऊस, बाई.
ती म्हणाली, बघते,
आणि माझं ते लालभडक घेऊन निघून गेली.

आमच्या लाइनींचा नकाशा ऑफिसात नव्हता.
कुठल्या मोरीखालून कुठला पाइप वळतो,
कुठला जोड इंग्रजांच्या वेळचा,
ते माझ्या डोक्यात, त्याआधी रामा कुचेकरच्या.
रिटायर झालो तेव्हा एका साहेबानं
दोन दिवस मला स्कूटरवर फिरवून लिहून घेतलं.
ह्या पेशींना कोण फिरवणार?
पोटरीच्या अंधारात सोडून दिलेल्या,
कुणी सांगितलं त्यांना कुठं वळायचं?
बाईंना विचारलं.
म्हणाल्या, तेच तर आम्ही शोधतोय.

अंगठा गेलाच. तो परत येणार नव्हता.
पण दहाव्या आठवड्यात जखमेच्या काठाला
पेरूच्या गरासारखा गुलाबी रंग आला,
नखाएवढा.
रोज पट्टी बदलताना कौसा पाऊल हातात धरते.
कोमट आहे, म्हणते.
मी म्हणतो, तुझाच हात गार असेल.
ती पदरावर हात चोळते, परत धरते.
काही बोलत नाही.

काल रात्री मुंग्या आल्या.
अंगठा नाही तिथं.
मी उठून बसलो, साडेतीन झाले होते,
बाहेर गल्लीत झाकण वाजलं.
नवा पोरगा आहे, कंत्राटी,
घाईनं आटे फिरवतो.
एकदम सोडलं की धक्का बसतो,
जुने जोड सुटतात, त्याला कोण सांगणार.
खिडकीतून नुसतीच त्याची बॅटरी दिसत होती.
हळू सोड रे, मी म्हटलं,
हळू,
पाऊल दोन्ही हातांत धरून.