मधला

रबाळ्याची एमआयडीसी, गाळा नंबर एकोणीस.
काचेच्या भांड्यात पाणी ढवळतंय परवापासून,
खोलीच्याच तापमानाला, नुसत्या हवेच्या बुडबुड्यांवर.
बुरशी येऊरची. पडलेल्या ऐनाच्या ओंडक्यावर
पंख्यासारखी, करड्या-तपकिरी पट्ट्यांची.
वनखात्याचा कागद खिशात ठेवून
मी ती सुरीने काढली, जेवणाच्या डब्यात भरली.
आईने तो डबा पुन्हा हातात धरला नाही.

हिराजी भोईर स्टुलावर बसून बघतात.
"लाकूड खानारं हे. आमच्या औषधाला काय करनार?"
मी सांगते, विकर अवजड असतं,
पोटात तांब्याचे चार अणू,
त्याचा हात सगळीकडे पोचत नाही.
म्हणून मध्ये एक लहानसा रेणू सोडायचा.
तो विकराला एक इलेक्ट्रॉन देऊन येतो,
कासावीस होतो,
समोरच्या अल्कोहोलकडून तेवढाच ओढून घेतो,
आणि परत विकराच्या दारात.

"दलाल," हिराजी म्हणतात.
साडेबारा टक्क्यांच्या फायलीमागे
बेलापूरचे जिने चढण्यात त्यांची अकरा वर्षं गेलेली.
"आन् ह्यो मधला किती खातो?"
काही नाही, म्हणते मी. मग खरं ते सांगते:
फेऱ्या मारून मारून तोच झिजतो.
कधी मोडता मोडता विकरालाही चावतो.
"मंग वळखीचा हाय," ते हसतात,
आणि नाकातून बारीक शीळ वाजते.

पलीकडच्या गाळ्यात हेच काम क्रोमने व्हायचं.
बावीस वर्षं हिराजींनी नारिंगी द्रावण ओतलं,
तोंडावर रुमाल बांधून.
नाकातल्या पडद्याला आरपार भोक आहे.
डॉक्टरने बॅटरी मारली
तेव्हा उजेड दुसऱ्या नाकपुडीतून आला, सांगतात,
गंमत सांगावी तसं.

साडेचारला वास सुटला.
चहावाला दारातच थांबला, कुणी पान आणलंय का, म्हणाला.
मी वहीत वेळ लिहिली. अल्डिहाइड, थोडं.
सोबत तयार होतं फक्त पाणी.
"ते पानी कुठं सोडता?" हिराजींनी विचारलं.
अजून कुठेच नाही, म्हटलं. कॅनमध्ये आहे.

त्यांनी भांडं दोन्ही हातांनी धरलं,
डोळे मिटून ओढला श्वास.
शीळ.
भांडं परत दिलं.
"कशाचा हाय?"
बडीशेपेचा.
"लगनातली, का रोजची?"

मला लगेच सांगता येईना.
मी भांडं पुन्हा नाकाशी नेलं.