निरवानिरव

स्टोक-ऑन-ट्रेंट. खिडकीकडची खाट.
डेरेक कोलक्लफ, वय एकोणऐंशी,
ह्या हिवाळ्यात चौथ्यांदा दाखल.
माझ्या हातात जांभळ्या कडेचा कागद
आणि त्यावर इस्त्री केल्यासारखा प्रश्न:
तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय?

मी आधी त्यांची उशी नीट केली.
मग पाण्याचा ग्लास. मग पडदा.
मग ऑक्सिजनची नळी तपासली,
जी दहाच मिनिटांपूर्वी तपासली होती.
आमच्या घरात असलं कुणी विचारत नाही.
शुभ बोल नाऱ्या, म्हणतात,
आणि चहा टाकायला उठतात.

"बस आता," ते म्हणाले. (एका वाक्यात तीनदा थांबून.)
"ओळखतो मी तो कागद.
मॉरीनच्या वेळी कुणी काढलाच नाही.
अकरा दिवस यंत्र श्वास घेत होतं,
ती नव्हती."

मग भट्टीचं सांगू लागले.
पंधराव्या वर्षी लागले कामाला,
मातीच्या डब्यांची चळत डोक्यावर, शिडीवरून वर,
छातीत तेव्हापासूनची पांढरी धूळ.
मालकाला घाई असली की
भट्टी निवायच्या आतच आत पाठवायचा,
ओलं पोतं पांघरून.
"निम्म्या बश्या तडकायच्या, पोरी.
निवू द्यायची असते ती. तिच्या वेळेनं.
असंच लिही."

डॉक्टरांना असं कळणार नाही, मी म्हटलं.
मग आम्ही दोघांनी मिळून भाषांतर केलं:
व्हेंटिलेटर नको. आयसीयू नको.
गोळ्या, सलाइन, ठीक आहे, उपयोग असेल तोवर.
धाप लागली तर औषध द्या, गुंगी आली तरी चालेल.
चहा कपातून. तोटीच्या प्लास्टिकमधून नाही.
शेवटच्या ओळीला चौकट नव्हती,
मी समासात लिहिली.
त्यांनी वॉर्डातला कप उलटा करून बुडाचा शिक्का वाचला,
नाक मुरडलं,
आणि तरी प्यायले.

डॉक्टर ओलुवाफेमी आल्या, स्टूल ओढून बसल्या,
विचार बदलला तर कागदही बदलू, म्हणाल्या.
पर्थहून मुलगी फोनवर: आधी रडली,
मग विचारलं, कबुतरांचं काय?
"सप्टेंबरातच दिली, शेजारच्या केव्हिनला."
सही करताना हात थरथरला
पण 'क'चा वेलांटा मुद्दाम मोठा काढला,
जसा कधी बशीच्या काठावर काढत असतील.

"तुमच्या भाषेत काय म्हणतात ह्याला?"
काही नाही, मी म्हटलं. शब्दच नाही.

हॅन्लीच्या बसथांब्यावर, पायांत गारठा,
आणि शब्द आला, उशिरा आलेल्या बससारखा.
निरवानिरव.
लांबच्या वाटेला निघण्याआधी
किल्ल्या कुणाकडे, देणं किती,
तुळशीला पाणी कोण घालील.
होता की. आम्हीच माळ्यावर टाकला होता.
निवणं आणि निरवणं,
मधे एक 'र' तेवढा.
दुसऱ्या दिवशी सांगायला गेले,
खिडकीकडच्या खाटेवर ते झोपले होते.
उठवलं नाही.

सुट्टीच्या सकाळी कराडला फोन लावला.
तिथं दुपार. मंगळवार, म्हणजे अण्णा
नुकतेच डायलिसिसहून आलेले, आवाज सुकलेला.
अण्णा, म्हटलं, पुढचं काही सांगून ठेवायचंय का?
मागून आईचा आवाज: काय अभद्र बोलतेय ती!
पंख्याची घरघर.
मला वाटलं फोन ठेवला.

"मोटारीचं बटण," अण्णा म्हणाले.
"तुझ्या आईला जमत नाही ते.
एकदा दाबायचं. पाणी ओढत नाही.
मग सोडायचं, दहा आकडे मोजायचे,
घाई करायची नाही,
मग पुन्हा दाबायचं.
लिहून घेतेस ना?"