विसार

ला गार्सात फोन लागत नाही.
तिथली खोली हवी असेल तर इथे, सान हासिंतोत,
माझ्या औषधाच्या दुकानात फोन करावा लागतो.
डोकेदुखीच्या गोळ्या आणि बाळांची पावडर यांच्यामधल्या फळीवर
एक लांबट वही आहे, दोरीने बांधलेली पेन्सिल.
किती जण, किती रात्री, पंखा हवा की नको,
मासे खाता का.
गरम पाणी नाही, हे मी आधीच सांगते,
नंतर तोंडं वाकडी नकोत.

चिठ्ठी बर्फाच्या गाडीतून जाते.
फिदेन्सिओ ती टोपीत खोचतो,
नदी चढलेली असली तर दोन दिवसांनी पोचते,
घामाने पुसट.
म्हणून मी आकडे मोठे काढते.

दर फेब्रुवारीत पुएब्लाहून एक घड्याळजी फोन करायचा.
एवारिस्तो किरोस.
आवाज बारीक, पेच फिरवल्यासारखा.
चार नंबर. दोन रात्री. एक माणूस.
विसार मनिऑर्डरने येई, कधी एका दिवसाचा उशीर नाही.
माणूस मात्र येत नसे.
सहा वर्षं मी लिहिलं: आला नाही.
एर्मिनियाने एकदा पैसे परत पाठवले,
तर ते तसेच फिरून आले, सोबत दोन ओळी:
राहू द्या.
खोली माझ्या नावावर आहे एवढं पुरे.

मग ऑक्टोबरातलं वादळ.
चार नंबरची खोली गेली.
भिंती, छप्पर, पलंग,
आरसा आणि आरशाचा खिळासुद्धा.
उरली नुसती फरशी, निळी,
समुद्राला जेवायला मांडलेल्या पाटासारखी.
किल्ली वाचली. ती एर्मिनियाच्या कमरेला होती.

फेब्रुवारीत फोन वाजला.
मी वहीवर हात ठेवून गप्प.
सांगता आलं असतं. एकच तर वाक्य.
पण तो म्हणाला, खिडकी तीच ना, पश्चिमेची?
मी म्हटलं, हो.
उघडते ना नीट?
मी म्हटलं, उघडीच असते.
एर्मिनियाचा निरोप आला:
लिहून टाक. तो कुठे येतोय.

तो आला.
बुधवारी, दुपारच्या बसने, बुटांना पॉलिश,
दुकानात शिरून आधी माझं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं,
स्टुलावर चढून चार मिनिटं पुढे केलं.
मग विचारलं, चार नंबरची किल्ली इथे मिळते की तिथे?

मी भर दुपारी दुकान बंद केलं.
बर्फाच्या लाद्यांवर पोती, पोत्यांवर आम्ही दोघं.
वाटभर माझ्या जिभेवर ते एक वाक्य,
बर्फाइतकंच गार,
फक्त विरघळत नव्हतं.

एर्मिनियाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे
(ते पाहणं मला अजून पुरतंय),
आणि कमरेची किल्ली सोडून त्याच्या हातात दिली.
तो फरशीपाशी थांबला.
बूट काढले.
जिथे दार होतं तिथूनच आत गेला.

आम्ही खाट आणली, चार बांबू, मच्छरदाणी.
रात्री त्याला झोप लागली का,
कधीकाळी त्या खोलीत त्याच्याबरोबर कोण होतं,
मला ठाऊक नाही. एर्मिनियाने विचारू दिलं नाही.
भाजलेला मासा मात्र त्याने काट्यापर्यंत खाल्ला.

तिसऱ्या दिवशी हिशेब.
एर्मिनिया म्हणाली, निम्मे द्या, भिंती नव्हत्या.
तो म्हणाला, पूर्ण घ्या, वारा जास्त होता.
बराच वेळ दोघं हमरीतुमरीवर.
शेवटी मधले साठ पेसो कुणीच घेईना,
ते मला मिळाले. फोनचे.

किल्ली तो खिशात घालून घेऊन गेला.
एर्मिनिया अजून कुरकुरते,
कुलूप नाही तिथे किल्ली कशाला हवी मेल्याला.
मी वहीचं पान उलटलं.
फेब्रुवारी. चार नंबर. एक माणूस.
पंखा नको.