मोठा एस, सोयाबीनचा

पहाटे चार चाळीसला ताराणेकरांचा फोन.
छावणी मंडीत तोलकाट्यापुढे अकरा ट्रक,
सोयाबीन ओलसर, ड्रायव्हर तापलेले,
आणि कालच क्लाउडवर हलवलेला सर्व्हर
त्यांना ओळखच देत नाही.

"वाचा पासवर्ड," मी म्हटलं.
पॅनेल तो एकदाच दाखवतं, मग नुसते ठिपके.
त्यांनी पावतीच्या मागे उतरवून घेतला होता.
चष्मा सापडेपर्यंत थांबले.

"मोठा एस, सोयाबीनचा.
मग सात.
मग उभी रेघ."
कसली रेघ?
"उभी म्हणजे उभी, ऋजुताताई. काठीसारखी."
छोटा एल, मोठा आय, की एक?
"मला काय विचारता? मशीनने केलंय ना!"

खरंय, मशीनने केलंय.
त्यात कुणाची मुलगी नाही, लग्नाचं साल नाही,
एमपी शून्य नऊची जुनी स्कूटर नाही.
सोळा अक्षरं, आजवर कुणाच्याच तोंडी न आलेली,
आणि आता ती ताराणेकरांच्या तोंडी,
भावताव केल्यासारखी.

एल घालून पाहिला. नकार.
आय. नकार.
शून्याचा ओ केला, ओचा शून्य.
मग आठवलं, नावाच्या रकान्यात ॲट दाबून पाहिलं,
तर उमटलं अवतरणचिन्ह.
कन्सोलचा कीबोर्ड कुठल्या परक्या देशाचा!
तो बदलला. पुन्हा टाकला.
नकार,
आणि पाच चुकांची शिक्षा म्हणून
दहा मिनिटं दार बंद.

दहा मिनिटं फोन तसाच चालू.
त्यांच्याकडून डिझेलची घरघर,
"भिया, आज तुलेगा कि परसों?"
माझ्याकडून, लोकमान्य नगरात,
रस्ता झाडणाऱ्या बायकांचा खराटा.
दोघांनाही बोलण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी मशीन बंद केलं,
बचावाच्या वाटेने उठवलं,
डिस्क बाहेरून उघडली
आणि पहिल्या जागेपणाची नोंदवही वाचली.
एकच ओळ होती कामाची:
पासवर्ड बसवणारी स्क्रिप्ट सापडली नाही.
जुन्या साच्यातून काढलेलं मशीन.
पॅनेलने किल्ली घडवली, मिरवली,
कुलपाला कुणी कळवलंच नाही.

"म्हणजे मी बरोबर वाचत होतो?"
हो.
"ती रेघसुद्धा?"
रेघ कसलीही असती तरी चाललं नसतं, काका.

ते जरा गप्प झाले.
मग म्हणाले, "घरी रात्रभर
माझ्या अक्षराला नावं ठेवणं चाललंय.
तेवढं एक मेसेजमध्ये लिहून पाठवाल?"

पाठवलं.

"आता सोपा ठेवा. तोलकाटा एक दोन तीन."
नाही, म्हटलं.
नवा काढला, वीस अक्षरी,
एल, आय, एक, ओ, शून्य, ही फितुरांची टोळी वगळून,
आणि या खेपेला मी सांगत गेले, ते लिहीत गेले.
"मोठा एस?"
सोयाबीनचा.

पाच बावन्नला काटा उघडला.
पहिला ट्रक, भरलेला:
चोवीस हजार तीनशे ऐंशी.
त्यांनी तो आकडा मला मोठ्याने वाचून दाखवला,
जणू मीच माल विकायला उभी.

"आत पोचलात ना? आता चिठ्ठी फाडा," मी म्हटलं.
"फाडली."
ट्रकचा हॉर्न आला,
काट्यावरून चाकं उतरल्याचा धप्प आला,
कुणीतरी चहा मागितलेला आला.
कागद फाटल्याचा तेवढा
आला नाही.