पाणी मुरतं तेव्हा

मॉल्डनच्या धक्क्यावर ओहोटी लागली
की नदी अंग चोरून निघून जाते.
मागे करडा, चकचकीत चिखल
आणि त्यात कुशीवर कललेल्या होड्या,
जेवून आडव्या झालेल्या माणसांसारख्या.
नदीचं नाव ब्लॅकवॉटर.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे काळं पाणीच की गं.
आणि हसली नाही.

डेस पेटिकन इथे होड्या दुरुस्त करतो.
वय एक्क्याऐंशी, बोटं सात.
शनिवारी मी त्याच्याकडे जाते,
काथ्या पिळून देते, चहा करते,
बाकी आम्ही दोघंही गप्प.

एकदा आयव्हीच्या फळीवर थाप मारून तो म्हणाला,
ही स्टॉन्च आहे.
मला तो शब्द फक्त पेपरातला माहीत:
अमक्या पक्षाचा स्टॉन्च समर्थक,
छातीवर बिल्ला, गालांवर लाली.
होडी कशी एकनिष्ठ असेल, आणि कुणाशी?
डेसनं माझ्याकडे पाहिलं
जसं तो भरतीची वेळ विचारणाऱ्या पर्यटकाकडे पाहतो.
गळत नाही, म्हणाला. एवढाच अर्थ.

घरी येऊन जाडा कोश उघडला.
शब्द जुन्या फ्रेंचमधला, खाडी ओलांडून आलेला.
आधी जहाजाला लागला, ज्यात पाणी शिरत नाही अशा,
माणसाला लागायला आणखी दोनेकशे वर्षं.
आणि त्याच घरात, भिंतीपलीकडे, एक क्रियापद:
वाहतं रक्त थांबवणं.
बावीस वर्षं मी इस्पितळाच्या लॅबमध्ये
रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजते आहे.
हे मला कुणी सांगायला नको होतं?

आपली निष्ठा उभी असते, पाय रोवून,
तिच्या पोटात 'स्था' आहे.
फ्रेंच शब्दाच्याही मुळाशी
उभं राहणंच असावं, असं कोश म्हणतो,
आणि पुढे 'बहुधा' लिहून हात झटकतो.
पण संशय आला की आपणही म्हणतोच,
कुठेतरी पाणी मुरतंय.
गळतीचं आपल्यालाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये चेम्सफर्डला शपथ घेतली.
चाळीस माणसं, एक झेंडा, बिस्किटं.
जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का घेऊन परत आला,
तो मी साड्यांच्या घडीत ठेवला, का कोण जाणे.
हेरंबनं फोनवर विचारलं,
मग आता तू कुणाची?
तुझीच बहीण, म्हटलं.
ते नाही विचारलं, तो म्हणाला.

एप्रिलमध्ये आयव्हीला पाण्यात सोडलं
आणि ती सगळीकडून गळायला लागली.
प्रत्येक सांध्यातून, बारीक, निर्लज्ज,
गुडघ्यापर्यंत पाणी, त्यात माझा चहाचा मग तरंगतोय.
मी ओरडले, तूच म्हणालास ना, स्टॉन्च!
डेस धक्क्यावर बसून पाव खात होता.
हिवाळाभर सुकली, म्हणाला,
लाकूड आक्रसलं. आता पिऊ दे तिला.
पिऊन फुगेल, फळीला फळी भिडेल, मग बघ.
कोरड्या होडीवर कधी भरवसा ठेवू नये.

म्हणजे जे पाणी बाहेर ठेवायचं
तेच आधी आत घ्यायचं.
कोशात हे नव्हतं.

दुसऱ्या रात्री, पंपाच्या घरघरीत,
हेरंबचा फोन आला. तिकडे पहाट असेल,
दूधवाल्याची सायकल ऐकू आली.
काय करतेयस गं इतक्या रात्री?
पाणी उपसतेय.
गळतंय?
हो, म्हटलं. दोन्हीकडून.
तो थोडा वेळ काहीच बोलला नाही.
मग म्हणाला, थांब, फोन ठेवू नकोस,
आणि त्याच्याकडे चहाचं आधण ठेवल्याचा
आवाज आला.